नॅन्सी दोन

आंधळगावहून नागपूरच्या मेडिकलपर्यंत
मला रस्ता माहीत नाही, संडास माहीत आहेत.
मोहाडीचा स्टँड, आतून कडी नाही.
वरठीचं स्टेशन, सुटे पैसे लागतात.
मौद्याच्या पंपामागचं, ज्याची चावी
हवा भरणाऱ्या पोराच्या गळ्यात असते.
पोराचं नाव तेजराम. तो मला
चालण्यावरून ओळखतो.

मागाच्या खांबावर कुंदा खडूनं रेघा मारायची.
वाईट दिवसाच्या अकरा.
रक्त दिसलं तर रेघेला आडवी काट.
दोन वर्षांत खांब असा पांढरा झाला
की कोसा घेऊन येणारा ढिवर म्हणाला,
रंगवणं अर्धंच ठेवलं का गा?

मग रेघा कमी झाल्या. पाच, तीन.
एका हिवाळ्यात नुसती एक,
काट नसलेली.

यंदा दुर्बीण घातली तेव्हा डॉक्टर पडद्याकडे पाहून बोलले,
"साफ आहे. गुलाबी. शिरासुद्धा दिसतायत."
मी गुंगीतच हिशोब केला:
गोळ्यांचे पैसे उद्यापासून सुताला.
तरी त्यांनी तिळाएवढे चार तुकडे चिमटून काढले,
बाटलीत सोडले,
आणि बाटलीवर निमजेचं निमाजी केलं.

बारा दिवसांनी कागद आला. नॅन्सी, दोन.
मला वाटलं, नॅन्सी म्हणजे कुणी सिस्टर असेल, कडक,
मार्क देताना हात आखडणारी.
"मॅडम, दोन म्हणजे नापास का?"
गोंडाणे मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, ते परदेशातल्या एका गावाचं नाव,
तिथं ही मोजणी ठरली.
शून्य म्हणजे निवांत. चार म्हणजे उघडी जखम.
"पण मले तं काहीच होत नाही आता."
"तुम्हाला नाही होत. आतड्याला होतंय."

त्यांच्याकडे दोन तोंडांचा मायक्रोस्कोप होता,
शिकणाऱ्या पोरांसाठी.
एका तोंडाला त्या बसल्या, एका तोंडाला मी.
नुसतं निळं-जांभळं. काही कळेना.
मग डोळा बसला, जसा भिंगावर बसतो
शेठ इंचातले धागे मोजतो तेव्हा.
बारक्या विहिरींच्या रांगा.
काही फणीतून आल्यासारख्या सरळ,
एक मध्येच दुफाटलेली,
एक आखूड, बुडापर्यंत न पोचलेली.
"इथं तुटलं होतं," मी म्हणालो, "अन् घाईत सांधलं."
मॅडमनी डोळा काढून माझ्याकडे पाहिलं.
"ते आता तसंच राहणार. ते मी मोजत नाही.
मी हे मोजते."
बाण सरकला.
विहिरीच्या भिंतीत शिरलेला एक दाणा,
पोटात तीन गाठी, एका दोऱ्यात ओवलेल्या.
"हा रक्तात शोभतो. इथं याचं काम नाही.
हा इथं आहे, म्हणजे भांडण मिटलेलं नाही,
आवाज तेवढा बंद झालाय."
मी मोजले, सहा.
त्यांनी मोजले, सात.
एका दाण्यावर आमचं बराच वेळ जमलं नाही.

गोळ्या चालू. रात्रीचं औषधही चालू,
जे डाव्या कुशीवर पडून घ्यायचं
आणि सकाळपर्यंत आत धरायचं.
कुंदानं विचारलं, साफ हाय न?
म्हटलं, वरून.
तिनं खडू उचलला, थोडा वेळ
खांबाजवळ उभी राहिली,
आणि ह्याची रेघ कशी मारतात ते न सुचून
कोनाड्यात परत ठेवला.

पुढच्या तारखेला मौद्याला गाडी थांबली.
मी उतरलो, चहा घेतला, नुसता उभा राहिलो.
तेजराम लांबून बघत होता.
"काका, चावी नाई लागत आता?"
पाय माझे सरळ पडत होते, त्याला दिसलं असणार.
मी म्हणालो, नाही रे.
मग गाडीच्या पायरीवरून मागं वळून म्हणालो,
पण राहू दे गळ्यात.